कुंडीतल्या मातीला मुरवलेला कोळसा

कुंडीत भरलेली माती वर्षभरात चार बोटं खाली बसते, हे गच्चीवर बाग करणाऱ्या प्रत्येकाच्या पाहण्यातलं आहे. माती कुठे गेलेली नसते, गेलेलं असतं ते खत. शेणखत, गांडूळखत, कुजलेला पाला हे सगळं सूक्ष्मजीव खातात आणि त्यातला बराचसा कर्ब कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तापलेल्या कुंडीत हे काम फार भराभर चालतं. त्यात कुंडीला रोज पाणी लागतं, आणि तळाच्या भोकातून ताटलीत उतरणाऱ्या तपकिरी पाण्याबरोबर विरघळलेलं नत्र आणि पालाशही निघून जातं. जमिनीत खाली गेलेलं अन्न खोल मुळं पुन्हा वर आणू शकतात. कुंडीतून गेलं ते गेलंच.

बायोचार, म्हणजे मातीत घालण्यासाठी भाजलेला कोळसा, या दोन्ही दुखण्यांवर उपयोगी पडतो, कारण तो सहजी कुजत नाही आणि विरघळलेलं अन्न काही प्रमाणात धरून ठेवतो. रोपवाटिकांत आणि ऑनलाइन दुकानांत त्याच्या पिशव्या मिळतात, आणि जाहिरातीत त्याला ‘काळं सोनं’ म्हणायची पद्धत पडली आहे. सोनंबिनं काही नाही. तो खत नव्हे, औषध नव्हे, आणि पिशवीतून थेट कुंडीत ओतला तर पहिले काही महिने रोपाला त्रासच देईल. नीट मुरवून घातला तर मात्र त्याचं काम वर्षानुवर्षं चालू राहतं.

बायोचार म्हणजे कोणता कोळसा

लाकूड उघड्यावर जाळलं की राख उरते, हवा कोंडून तापवलं की कोळसा. साधारण 350 ते 700 अंश सेल्सियस तापमानाला, प्राणवायू अगदी थोडा किंवा मुळीच नसताना, लाकडातलं पाणी, डांबरी वाफा आणि जळणारे वायू निघून जातात आणि कर्बाचा सांगाडा मागे राहतो. आपला लोणारी कोळसा याच रीतीने होतो. फरक आहे तो कच्च्या मालात आणि भाजणीत. जळणाच्या कोळशात थोडा डांबरी अंश राहिला तर चालतं, उलट तो लवकर पेट घेतो. मातीत घालायच्या कोळशात तो नको, कारण काही डांबरी द्रव्यं कोवळ्या मुळांना मानवत नाहीत.

दगडी कोळशाचा याच्याशी संबंध नाही. ते खनिज आहे, त्यात गंधक आणि जड धातू असू शकतात. त्याला कुंडीत जागा नाही.

लाकडातल्या पाणी वाहणाऱ्या बारीक नळ्या भाजल्यानंतरही कोळशात तशाच राहतात, आणि वायू निघून गेल्याने त्यांच्या भिंतींना आणखी बारीक छिद्रं पडतात. चांगल्या भाजलेल्या लाकडी कोळशाच्या एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग शेकडो चौरस मीटर भरू शकतो. पाणी, अन्नद्रव्यं आणि जिवाणू यांचा सगळा व्यवहार या पृष्ठभागावर होतो.

ॲमेझॉनची काळी माती

ब्राझीलमधल्या ॲमेझॉन खोऱ्यातली बरीचशी माती पिवळट-तांबडी, आम्लधर्मी आणि पावसाने धुऊन निकस झालेली आहे. पण नद्यांच्या काठी मधूनच काळ्याकुट्ट, कसदार मातीचे तुकडे लागतात, काही ठिकाणी दोन मीटर खोलीपर्यंत. पोर्तुगीजमध्ये तिला ‘तेरा प्रेता’ म्हणतात. डच मृदाशास्त्रज्ञ विम सोम्ब्रुक यांनी ॲमेझॉनच्या मातीवरच्या 1966 मधल्या ग्रंथात तिची दखल घेतली, आणि पुढे कॉर्नेल विद्यापीठाचे योहानेस लेहमान यांच्यासारख्या संशोधकांमुळे ती जगभर चर्चेत आली. ही माती सुमारे 500 ते 2500 वर्षांपूर्वी तिथे राहणाऱ्या माणसांच्या हातून घडली, आणि तिचा काळा रंग मुख्यतः कोळशाचा आहे.

बायोचारच्या जाहिराती इथेच थांबतात. पुढची गोष्ट अशी की त्या मातीत कोळसा एकटा नाही. माशांचे काटे, जनावरांची हाडं, मडक्यांची खापरं, राख, विष्ठा आणि स्वयंपाकघरातला कचरा असं सगळं तिच्यात आहे. थोडक्यात, तो वस्तीचा उकिरडा होता आणि त्यात कोळसा मिसळलेला होता. नुसता कोळसा पुरून कुणी ती माती घडवलेली नाही.

आपल्याकडे कोकणात आणि मावळात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. वाफ्यावर शेण, कवळ, पालापाचोळा, गवत असे थर देऊन वर माती पसरतात आणि उन्हाळ्यात पेटवतात. तिथे खरा हेतू तणाचं बी मारण्याचा आणि राखेचा. कोळसा होतो तो थोडा, आपोआप. राबाला ‘बायोचारची प्राचीन भारतीय परंपरा’ म्हणण्याचा मोह टाळलेला बरा.

कुंडीत तो काय करतो

पहिलं काम भौतिक. हरभऱ्याच्या दाण्याएवढे कोळशाचे तुकडे मातीत पोकळी धरून ठेवतात. शेणखतही हे काम करतं, पण ते वर्षा-दोन वर्षांत संपतं आणि माती घट्ट होते. कोळसा मातीत शेकडो वर्षं टिकू शकतो, त्यामुळे दर वर्षी कुंडी ओतून माती बदलायची, तेव्हाही तो फेकायचा नसतो. जुनी माती, नवं खत आणि तोच कोळसा. शिवाय तो हलका असतो. लिटरभर सुक्या मातीचं वजन किलोभरापेक्षा जास्त भरतं, तेवढाच कोळसा सहसा 200 ते 400 ग्रॅम. गच्चीवर शंभरेक कुंड्या असतील तर सोसायटीच्या बैठकीत हा मुद्दा उपयोगी पडतो.

दुसरं काम अन्न धरून ठेवण्याचं. अमोनियम, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम ही धनभारित अन्नद्रव्यं कोळशाच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात आणि मुळांना हळूहळू मिळतात. ताज्या कोळशात ही ताकद बेताची असते. हवा, पाणी आणि जिवाणू यांच्या सहवासात पृष्ठभागाचं ऑक्सिडीकरण होत जातं तशी ती वाढते. जुना कोळसा नव्यापेक्षा चांगला, असा हा उलटा हिशेब आहे.

पाण्याबद्दल मात्र दावे फार फुगवले जातात. वाळूसर मातीत कोळशाने ओलावा टिकतो हे खरं. पण शहरातल्या कुंड्यांत अर्धं कोकोपीट असतं आणि ते मुळात भरपूर पाणी धरतं. अशा मिश्रणात कोळसा घालून पाणी देण्याच्या पाळ्या अर्ध्यावर येतील, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तिथे त्याचा फायदा अन्न आणि हवा यांचा आहे.

कुंड्यांतलाच एक नीट प्रयोग इस्राएलमधल्या व्होल्कानी संशोधन केंद्रात एलेन ग्रेबर आणि सहकाऱ्यांनी केला, 2010 मध्ये तो प्रसिद्ध झाला. नारळाचा काथ्या आणि ज्वालामुखीची खडी यांच्या मिश्रणात त्यांनी वजनाने 1 ते 5 टक्के कोळसा घातला आणि मिरची-टोमॅटोची रोपं लावली. खतपाणी सगळ्यांना सारखंच. तरीही कोळशातली रोपं जोमदार निघाली. अन्न सारखंच असताना हा फरक का पडावा? मुळांभोवतीच्या जिवाणूंची वस्ती बदलल्यामुळे, हे त्यांनी सुचवलेलं एक कारण. त्याच वर्षी तिथल्याच एका अभ्यासात कोळशातल्या मिरची-टोमॅटोवर भुरी आणि करडी बुरशी कमी आढळली. कोळसा मुळांपाशी आणि रोग पानांवर, म्हणजे बुरशी कोळशाने मारली नव्हती. झाडाचीच प्रतिकारशक्ती जागी झाली होती.

पिकांवरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. उष्ण कटिबंधात उत्पादन सरासरी 25 टक्क्यांनी वाढलेलं दिसलं, समशीतोष्ण प्रदेशात सरासरी फरक जवळजवळ नाहीच. कारण हवामानापेक्षा मातीत आहे. उष्ण कटिबंधातल्या पुष्कळशा माती आम्लधर्मी आणि निकस असतात, त्यांना कोळशातल्या क्षारांचा आणि त्याच्या धरून ठेवण्याच्या गुणाचा लाभ होतो. ज्या मातीचं आधीच बरं चाललंय, तिला तो फारसं काही देत नाही. उत्तम गांडूळखत घालून भरलेली नवी कुंडी या दुसऱ्या प्रकारात मोडते, म्हणून पहिल्याच मोसमात चमत्काराची वाट पाहू नये.

कोरा कोळसा का घालू नये

नवा माठ पहिल्यांदा भरला की आधी स्वतःच पाणी पितो, तसा कोरा कोळसा मातीतलं नत्र आधी स्वतःकडे ओढतो. अमोनियम त्याच्या पृष्ठभागाला चिकटतं. भाजणी कच्ची असेल तर त्यातली उरलेली डांबरी द्रव्यं जिवाणू खायला घेतात, आणि ती पचवायला त्यांनाही नत्र लागतं, ते मातीतूनच घेतात. झाडाच्या वाट्याला कमी येतं आणि खालची पानं पिवळी पडू लागतात. ‘बायोचारने झाडं जळाली’ अशा तक्रारींमागे पुष्कळदा हीच नत्राची उपासमार असते.

दुसरी अडचण राखेची. ताज्या कोळशाबरोबर थोडी राख असतेच, ती मातीचा सामू (पीएच) वर नेते. लाकडी कोळशाचा सामू बहुधा 7.5 ते 10 च्या दरम्यान असतो. तिसरी अडचण अशी की ताजा, कोरडा कोळसा पाण्यावर तरंगतो, त्याला पाणी लागतच नाही. कोरडाच मिसळला तर पहिल्या पाण्याला तो वर येऊन बसतो.

मुरवायचा कसा

लोणच्यासारखी घाई इथेही चालत नाही, पण कष्ट काहीच नाहीत.

आधी कोळसा फोडून चाळून घ्यायचा. गोणपाटात बांधून वरून बत्त्याने किंवा विटेने ठेचला की धूळ उडत नाही. पाणी शिंपडून ओला केलेला असेल तर आणखी बरं. तांदळापासून वाटाण्यापर्यंतचे दाणे कुंडीसाठी ठेवायचे. अगदी बारीक पूड मातीची छिद्रं बुजवते, ती वेगळी काढायची. तिची सोय पुढे आहे. मग दाणे बादलीत पाण्यात दिवसभर भिजत ठेवायचे आणि ते पाणी ओतून द्यायचं. बरीचशी राख आणि क्षार त्यातच जातात.

ओला कोळसा आणि तेवढंच गांडूळखत किंवा चाळलेलं कंपोस्ट घमेल्यात कालवून, पोत्याने झाकून सावलीत ठेवायचं. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये, इतपत ओल हवी. आठवड्यातून एकदा वरखाली करायचं. दोन ते चार आठवड्यांत त्याला पावसाळी मातीसारखा वास येऊ लागतो. मग वापरायला हरकत नाही.

गावाकडे शेण मिळत असेल तर पातळ शेणकाल्यात किंवा जीवामृतात तो भिजवावा. दहापट पाण्यातलं गोमूत्रही चालतं. त्यातल्या युरियापासून होणारं अमोनियम कोळसा धरून ठेवतो आणि वासही पुष्कळ कमी होतो. यातलं काहीच हाताशी नसेल तर 19:19:19 सारख्या विद्राव्य खताच्या सौम्य द्रावणात रात्रभर बुडवून ठेवावा. सेंद्रियवाल्यांना हे पटणार नाही. पण रिकाम्या कोळशापेक्षा ते नक्की चांगलं, आणि जिवाणू नंतर कुंडीतल्या खतातून येतातच.

माझ्या मते शहरातल्या माणसाला याहूनही सोपी वाट आहे. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं खत ज्या डब्यात करता, त्यातच कोळसा टाकत जा. कचऱ्याच्या दहाएक टक्के आकारमानाचा कोळसा, तोही चाळून निघालेली पूड चालेल. डब्याला आंबूस वास येतो तो कमी होतो, जादा पाणी शोषलं जातं, हवा खेळती राहते आणि अमोनिया होऊन उडून जाणारं नत्र डब्यातच अडकतं. खत तयार होईपर्यंत कोळसाही मुरलेला असतो, वेगळा खटाटोप नाही. कंपोस्टबरोबर कुजवलेल्या कोळशावर सेंद्रिय द्रव्याचा एक बारीक थर बसतो आणि त्या थरामुळे त्याची अन्न धरण्याची ताकद वाढते, असं 2017 मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात निकोलास हागेमान आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. ॲमेझॉनच्या उकिरड्यात जे शतकानुशतकं घडलं, त्याचीच ही बाल्कनीतली छोटी आवृत्ती.

आणायचा कुठून

‘बायोचार’ असं छापलेली पिशवी घेतलीत तर कशापासून केला आणि मुरवलेला आहे का, हे दोन प्रश्न विचारा. उत्तर मिळत नसेल तर तो कोरा आहे असं धरून चाला.

इस्त्रीवाल्याकडचा किंवा कोळशाच्या वखारीतला लोणारी कोळसाही चालतो. तो बहुधा बाभळीचा, वेड्या बाभळीचा किंवा तशाच कठीण लाकडाचा असतो. बार्बेक्यूच्या घडीव विटा मात्र घेऊ नका. त्यांत चिकटवण्यासाठी खळ किंवा चिकणमाती असते, आणि काहींत दगडी कोळशाची भुकटी किंवा चटकन पेटण्यासाठी रसायनंही. बंबातला किंवा चुलीतला विझवलेला कोळसा चांगला, फक्त त्या बंबात प्लॅस्टिकच्या पिशव्या, रंगवलेल्या फळ्या किंवा प्लायवूडचे तुकडे जाळत नसाल तर.

ज्याच्या आसपास जे पिकतं त्याचा कोळसा त्याला स्वस्त. कोकणात, गोव्यात नारळाच्या करवंट्या. त्यांचा कोळसा कठीण आणि टिकाऊ होतो, फोडायला तेवढा जड जातो. विदर्भ-मराठवाड्यात पऱ्हाट्या आणि तुराट्या, यांचा कोळसा हाताने चुरता येतो. भातगिरणीच्या गावांत जळका तूस मिळतो. तो काळा असेल तरच घ्या, पांढरा-करडा झालेला म्हणजे राख. जपानमध्ये असा काळा भाजलेला तूस ‘कुन्तान’ नावाने रोपांच्या मिश्रणात सर्रास वापरतात, आणि आकाराने बारीक असल्यामुळे बियांच्या ट्रेसाठी तो लाकडी कोळशापेक्षाही सोयीचा.

उसाच्या पाचटाचा कोळसा करण्याचं मोठं काम महाराष्ट्रातच झालं. पुण्याच्या ‘ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट’ या संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ने, फडातच उघड्यावर जाळून टाकलं जाणारं पाचट बंद डब्यांत भरून बाहेरून आच देणारी भट्टी तयार केली. पाचटातून निघणारा वायूच पुढे त्या भट्टीला जळण म्हणून पुरतो. 2002 मध्ये या कामाला ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. त्यांचा हेतू धूर न करणाऱ्या चुलींसाठी कांड्या करण्याचा होता, मातीचा नव्हता. पण भाजणीचं तंत्र एकच आहे.

कोळसा चांगला भाजलाय का, याची घरगुती परीक्षा अशी: बोटांवर चोळा आणि नुसत्या पाण्याने हात धुवा. काळं निघून गेलं तर उत्तम. तेलकट राहिलं, साबण लागला, तर त्यात डांबर आहे. फरशीवर टाकल्यावर काचेसारखा खणखणला तर तो चांगला. भसभशीत आवाज आला, आत तपकिरी दिसलं, तर कच्चा. तरी शंका उरलीच तर दोन वाट्यांत तीच माती घ्या, एकीत थोडा कोळसा मिसळा आणि दोन्हींत मेथी पेरा. कोळशाच्या वाटीत मेथी कमी उगवली तर तो माल कुंडीत घालू नका.

घरी करायचा असेल तर

शहरात गच्चीवर करू नका. उघड्यावर पालापाचोळा जाळायला शहरांत बंदी आहे, आणि ती योग्य आहे.

गावी चूल पेटत असेल तर पत्र्याचा घट्ट झाकणाचा डबा पुरतो. झाकणाला खिळ्याने एक भोक पाडायचं, करवंट्यांचे वाळलेले तुकडे किंवा तुराट्या ठासून भरायच्या आणि डबा जाळात ठेवायचा. भोक पाडायला विसरलात तर आत कोंडलेल्या वायूने डबा फुटतो, म्हणून ही पायरी सोडू नका. आधी पांढरी वाफ निघते, मग वायू, आणि तो भोकाशी पेट घेतो. ती ज्योत आपोआप विझली की भाजणी झाली. डबा पूर्ण थंड होईपर्यंत उघडायचा नाही. गरम कोळशाला हवा लागली की तो पुन्हा पेटतो.

जास्त प्रमाणात करणारे जमिनीत शंकूच्या आकाराचा खड्डा खणतात किंवा पत्र्याची तशी कढई करतात. वरच्या थराची ज्योत खाली जाणारा प्राणवायू खाऊन टाकते, त्यामुळे खालचा थर राख न होता कोळसा राहतो. वर पातळ पातळ थर देत जायचं आणि शेवटी पाणी ओतून विझवायचं. स्वित्झर्लंडमधल्या इथाका संस्थेने 2014 पासून ‘कोन-टिकी’ नावाने ही पद्धत लोकप्रिय केली. पाण्याऐवजी शेणकाला ओतला तर विझवणं आणि मुरवणं एकदमच सुरू होतं. दोन्ही पद्धतींत वाळलेल्या लाकडाच्या वजनाच्या साधारण चौथा-पाचवा हिस्सा कोळसा हाती येतो.

किती घालायचा

कुंडीतल्या एकूण मिश्रणाच्या 5 ते 10 टक्के, आकारमानाने. दहा इंची कुंडीत सुमारे आठ ते दहा लिटर मिश्रण मावतं, म्हणजे पाण्याच्या लिटरच्या बाटलीने अर्धी ते एक बाटली कोळसा. बरोबरीने मिसळलेलं खत यात धरलेलं नाही. 20 टक्क्यांच्या पुढे जाण्यात कुंडीला काही लाभ नाही.

तो मातीत सगळीकडे सारखा मिसळायचा. तळाशी कोळशाचा किंवा खडीचा वेगळा थर ‘निचऱ्यासाठी’ देण्याची सवय फार पसरलेली आहे, पण तिने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी जाड थरात सहजी उतरत नाही, ते त्या थराच्या वरच अडून राहतं आणि मुळांची कोरडी जागा उलट कमी होते. भोकावर एक खापर ठेवलं की पुरे.

भरलेल्या कुंडीतलं झाड उपटायचं नसेल तर काठाकडेने खुरप्याच्या दांड्याने चार-पाच खोल भोकं पाडून त्यांत मुरवलेला कोळसा भरावा. वर पसरून ठेवू नये. काळा थर उन्हात तापतो, एप्रिलमध्ये तर फारच. वरून वाळल्या पाल्याचं आच्छादन द्यावं.

सामू: कोकणात एक, देशावर दुसरं

कोकणातली जांभ्याची लाल माती आम्लधर्मी असते. तिथे कोळशातली थोडी राखही गुणकारी, चुन्याचं काम ती करते. देशावर चित्र उलटं आहे. तिथल्या काळ्या मातीत मुळातच चुनखडी असते, सामू आठच्या आसपास, आणि त्यात बोअरचं जड पाणी. कुंडीच्या काठाला पांढरी पुटं चढलेली दिसतात ती याच पाण्याची. अशा कुंडीत न धुतलेला कोळसा घातला तर लोह आणि जस्त मातीत असूनही झाडाला घेता येत नाही. मग नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, असं दिसतं. नत्राच्या कमतरतेत आधी जुनी, खालची पानं पिवळी होतात, लोहाच्या कमतरतेत शेंड्याची नवी. हा फरक ओळखता आला तर पुढचा उपाय चुकत नाही.

म्हणून पुणे, नगर, सोलापूर, संभाजीनगर, नागपूर या पट्ट्यात कोळसा दोन पाण्यांनी धुऊन, कंपोस्टमध्ये मुरवून आणि 5 टक्क्यांच्या आतच वापरावा. कुंडीला शक्य तेव्हा पावसाचं पाणी द्यावं.

कोणत्या झाडांना

मिरची, टोमॅटो, वांगी, पालेभाज्या, झेंडू, गुलाब यांना मुरवलेला कोळसा चांगला मानवतो. निवडुंगासारख्या झाडांच्या मिश्रणात तो खडीच्या जोडीला घालता येतो. ऑर्किडवाले तर बायोचार हा शब्द येण्याच्या कितीतरी आधीपासून कोळशाचे मोठे तुकडे आणि विटांचे खडे यांवरच झाडं वाढवत आले आहेत. तिथे तुकडे लिंबाएवढे असले तरी चालतात.

अनंत, एक्झोरा, अझेलिया, हायड्रेंजिया यांना आम्लधर्मी माती लागते, त्यांच्यापासून कोळसा लांब ठेवा. कढीपत्ताही चुनखडीच्या मातीत पिवळा पडतो, देशावर त्याच्या कुंडीत कोळसा घालू नये.

धूळ आणि निखारा

कोळशाची धूळ फुप्फुसांना वाईट. फोडताना, चाळताना तो ओला हवा आणि नाकातोंडावर मास्क हवा. तुसाच्या राखेत सिलिका भरपूर असते, तिची धूळ आणखी जपून टाळावी. ताजा भाजलेला कोळसा आत कुठेतरी धुमसत राहू शकतो, म्हणून पोत्यात भरण्याआधी पूर्ण भिजवावा.

हवामानाचा हिशेब

किलोभर चांगल्या कोळशात पाऊण किलो कर्ब धरला तर तो सुमारे पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइडएवढा होतो. लाकूड कुजलं किंवा जळलं असतं तर तो हवेत गेला असता, आता मातीत राहील. शेतांच्या पातळीवर ही गोष्ट मोठी आहे. बाल्कनीतल्या दहा कुंड्यांनी पृथ्वी वाचत नाही, आणि दुकानदाराने तसं सांगितलं तर हसून सोडून द्यावं. मुंबईहून कुरिअरने मागवलेल्या पिशवीपेक्षा गल्लीतल्या इस्त्रीवाल्याचा भुगा या हिशेबातही बरा.

विश्वास ठेवण्याआधी

एकाच पाकिटातल्या मिरचीची दोन सारखी रोपं घ्या, दोन सारख्या कुंड्यांत लावा. माती, खत, ऊन, पाणी सगळं सारखं. फक्त एकीत मुरवलेला कोळसा मिसळा आणि तिच्यावर खूण करा. पहिल्या महिन्यात फरक दिसला नाही तर घाबरू नका. तोडणी सुरू झाली की दोन्ही कुंड्यांच्या मिरच्या वेगळ्या मोजा, आणि त्याच मातीत पुढच्या वर्षी पुन्हा लावा. कोळशाचा खरा निकाल त्या दुसऱ्या वर्षात लागतो, तोवर सगळ्या कुंड्या एकदम बदलू नका.